सत्त्याऐंशी दाखले

राजदीपचं गाव दोंडाईचा. वडील भाईदास बाजार समितीत हमाल होते. मिरचीची पोती वाहून त्यांचे डोळे कायमचे लालसर झाले. घरातला पहिला पदवीधर राजदीप, पहिला पीएचडीही तोच. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो अकरा वर्षं शिकवतो, मेहरूणला भाड्याने राहतो. केळीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखायला मशीनला शिकवणं हा त्याचा विषय. तिशीपर्यंत त्याने केळी फक्त खाल्ली होती.

भाईदासांना मशीन कळत नाही, आकडा कळतो. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात राजदीपच्या पेपराचा दाखला दिला की एक साइटेशन, एवढं त्यांना एकदा समजावलं होतं. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. "आते कितला व्हयनात रे?" राजदीप सांगतो आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर पोचलेला असतो. एकदा राजदीप गावी गेला तेव्हा टपरीवाल्या झिपरूने त्याला खुर्ची पुसून दिली आणि विचारलं, ते शहात्तर देश कोणकोणते. ते देश नाहीत, हे राजदीपने सांगितलं नाही. चहा संपवून तो उठला.

या वर्षी सहयोगी प्राध्यापकपदाचा फॉर्म भरायचा होता. त्यात एकूण साइटेशनचा रकाना आणि खाली ग्रंथपालाची सही. ग्रंथपाल कामिनी मॅडम वेबसाइटवरचा आकडा उतरवून सही करत नाहीत. संगणक आल्यावर पडून राहिलेली कॅटलॉगची कार्डं त्यांनी जपून ठेवली आहेत. एकेक पेपर उघडून, दाखला ज्या वाक्यात आला ते वाक्य त्या कार्डाच्या कोऱ्या पाठीवर हाताने लिहितात. मॅडमकडे फॉर्म दिला म्हणजे जनगणनेला बसलात, अशी कॉलेजात चेष्टा चालते.

राजदीपची सत्त्याऐंशी कार्डं झाली. मॅडमनी टेबलावर त्यांचे गठ्ठे मांडले. चौदा त्याने स्वतःच स्वतःचे दिलेले. एकवीस सहकाऱ्यांचे.

"हे कँटीनमध्ये ठरलेले," मॅडम म्हणाल्या. "तू माझा घाल, मी तुझा घालतो."

 ते खरंच कँटीनमध्ये ठरलं होतं, भजी खाताना. पुढच्या एक्केचाळीस कार्डांवर जवळजवळ एकच वाक्य होतं: या विषयावर अनेकांनी काम केलं आहे. त्या अनेकांत तोही होता. उरले अकरा. या अकरांनी त्याने जमवलेले फोटो घेऊन स्वतःचं मशीन शिकवलं होतं. एवढ्यांना तरी आपला उपयोग झाला, असं त्याच्या मनात येतंय तोच मॅडमनी त्यातलं एक कार्ड त्याच्याकडे सरकवलं.

व्हिएतनाममधल्या तिघांचा पेपर. त्यांनी फोटोंवरच्या तारखा पाहिल्या होत्या आणि त्या दिवसांतलं जळगावचं तापमानही. कार्डावर त्यांचं म्हणणं उतरवलेलं होतं: जानेवारीतले तीनशे चाळीस फोटो करपा रोगाचे म्हणून दिले आहेत, पण ती थंडीची इजा दिसते. फोटोंना दिलेली नावं विश्वासार्ह नसल्याने आम्ही हे फोटो वगळले.

"हेसुद्धा एक धरायचं," मॅडम म्हणाल्या. "दाखल्यात काय म्हटलंय ते फॉर्मला कळत नाही. सत्त्याऐंशी खोटे नाहीत."

"बाकीच्या दहांनी वगळले?"

"नाही."

त्याला सावद्याचा मळा आठवला. सात वर्षांपूर्वीची जानेवारी, हुडहुडी भरवणारी सकाळ. तो पानांचे फोटो काढत होता आणि प्रत्येकाला करपा असं नाव देत होता. मळ्याचे मालक लोटन नाना मफलर गुंडाळून मागे उभे होते.

"भाऊ, हा करपा नाही," ते म्हणाले होते. "थंडीनं पान भाजलंय. चरका म्हणतात याला. औषध मारून काही होत नाही, ऊन वाढलं की झाड आपोआप सावरतं."

राजदीपला करप्याचे फोटो कमी पडत होते. पेपर पाठवायला नऊ दिवस उरले होते. मशीन बरोबर शोधून काढेल नाना, असं तो म्हणाला. नाना म्हणाले, त्याचा मास्तर तर तूच ना. दोघं हसले. नानांनी त्याला बांधावर बसवून चहा पाजला. चहा पिऊन त्याने पुढचा फोटो काढला आणि त्यालाही करपा असंच नाव दिलं.

म्हणजे ही चूक नव्हती. चूक न कळता होते.

कुठेतरी कुणीतरी थंडीने भाजलेलं पान मोबाइलसमोर धरत असेल. त्या दहांपैकी एखादं मशीन करपा सांगत असेल, आणि तो माणूस पाठीवर पंप बांधून फवारायला निघत असेल. असे किती, याचं कार्ड मॅडमकडे नव्हतं.

शनिवारी तो लॅपटॉप घेऊन सावद्याला गेला. नाना थकले होते, चष्मा जाड झाला होता. ओसरीवर बसून त्यांनी ते तीनशे चाळीस फोटो तासाभरात पाहिले. सत्तावीस करप्याचे निघाले, बाकी सगळा चरका. तेव्हा विचारायचं होतंस कुणाला तरी, नाना म्हणाले. त्यांना काही आठवत नव्हतं. राजदीप गप्प बसला असता तरी चाललं असतं.

"तुम्हीच सांगितलं होतं नाना. मी ऐकलं होतं."

नानांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, मग आत पाहून चहा टाकायला सांगितलं. तो चहा पिऊन राजदीप जळगावला परतला.

फोटो इंटरनेटवर जिथे ठेवले होते त्या पानावर त्याने खुलासा टाकला. आधी 'त्रुटी आढळून आली' असं लिहिलं, ते खोडलं. मळ्याचे मालक लोटन नाना यांनी त्याच वेळी सांगितलं होतं, मी मानलं नाही, असं लिहिलं. त्याची एक प्रत फॉर्मला जोडली. रकान्यात सत्त्याऐंशीच राहिले.

मुलाखत घ्यायला तिघे होते. मधल्या सरांनी ती प्रत वाचली आणि बाजूच्यांना दाखवली. असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही, असं ते म्हणाले. राजदीपला वाटलं, कुणीतरी आता तरी विचारावं: ऐकलं होतं, तर मग तसं का केलं? कुणी विचारलं नाही.

"यावरच एक पेपर लिहा," सर म्हणाले. "चुकीच्या नावांमुळे मशीन कसं फसतं. असे पेपर खूप साइट होतात. फक्त ते शेतकऱ्याचं नाव काढा, स्थानिक तज्ज्ञ म्हणा."

"हो सर," राजदीप म्हणाला.

तिघांनी गुणांचे आकडे भरले. शिपाई पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारत होता. खुर्चीवरून उठताना राजदीपच्या लक्षात आलं की हो म्हणायला त्याला क्षणभरही थांबावं लागलं नव्हतं.