जावयांची जपानी शेगडी

जावई आणि मी एकमेकांशी फार सांभाळून बोलतो. मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण “जेवलात का?” आणि “हो, तुम्ही?” यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. मुलगी दुकानात गेली की ते टीव्हीचा आवाज कमी करतात, मी पदर सारखा करते आणि दोघंही दाराकडे बघत बसतो.

मागच्या महिन्यात त्यांनी एक जपानी शेगडी मागवली. कोळशाची, टेबलावर ठेवायची, दोन विटा जोडल्यासारखी लांबट, पांढऱ्या मातीची. रविवारी दोघी आयांना स्वतःच्या हाताने कोलंबी भाजून घालणार, असं त्यांनी जाहीर केलं. दुसरी आई म्हणजे माझ्या विहीणबाई. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. मी चौथी झालेली. त्यांच्यासमोर मी चहासुद्धा आवाज न करता पिते.

मी शनिवारीच कोपरीहून टिटवाळ्याला मुलीकडे गेले. दोघं कामावर होती, म्हणून शेगडी खोक्यातून काढली. नवीन वस्तू धुतल्याशिवाय वापरायची आपल्यात रीत नाही. नळाखाली धरून चांगली घासली, हळदकुंकू लावलं. माठ पितो तसं ती पाणी पीत होती, त्याचंही मला कौतुक वाटलं. मग गॅलरीत वाळत ठेवली. रविवारी विहीणबाई यायच्या आधी हात लावून बघितला, तर वरून कोरडी.

जावयांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. गॅसवर जाळी ठेवून कोळसे लाल केले आणि गॅलरीतल्या टेबलावर शेगडी ठेवून, दागिने मांडावेत तसे चिमट्याने त्यात मांडले. शेगडी चर्रर्र करून वाफ सोडायला लागली आणि कोळसे काळे पडले. त्यांनी खालची झडप उघडली, बंद केली, पुठ्ठ्याने वारा घातला. कोळसे परत गॅसवर नेले. असं तीनदा झालं. मिशीत राख, चष्म्यावर राख. व्हिडिओतला माणूस मात्र मजेत मासा उलटत होता. मुलगी म्हणाली, त्यालाच बोलावून घ्या, तो येईपर्यंत मी वरणभात लावते. मीही पदराआड हसून घेतलं.

मग शेगडीखालून टेबलावर पाणी झिरपलं. माझं हसू तिथंच थांबलं.

मला सगळं कळलं आणि मी गप्प बसले. विहीणबाई तोंडावर काही बोलल्या नसत्या, पण मनात म्हणाल्या असत्या, आणि मनातलं मला जास्त लागतं.

तेवढ्यात विहीणबाईच आपल्या मुलाला म्हणाल्या, “राहू दे रे. लहानपणापासून तुझं हेच. हौस दांडगी, हातून काही होत नाही.”

चेष्टेनेच म्हणाल्या, पण जावयांचा हात थांबला. पुठ्ठा खाली ठेवून, मान खाली घालून ते कोळसे पत्र्याच्या डब्यात काढायला लागले.

“त्यांचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “काल मी ती धुतली.”

तिघंही माझ्याकडे बघायला लागली. जावयांनी हळूच विचारलं, “धुतली?”

“घासून. आत पाणी मुरलंय. दोन-तीन दिवस वाळवावी लागेल.”

“मामी, खोक्यावर लिहिलंय, धुऊ नका म्हणून.”

“जपानीत?”

“इंग्रजीत.”

“मग मला सारखंच.”

ते हसायला लागले. “म्हणजे तासभर मी पाणी उकळत होतो?”

“हो. चहापत्ती टाकली असती तर चहा तरी झाला असता.”

हे मी बोलले. माझं मलाच नवल वाटलं. विहीणबाईंना एवढं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, आमच्या घरी मिक्सर आला तेव्हा मोटरसकट मीच पाण्यात बुडवला होता. हे अजून कोणाला माहीत नाही.

कोलंबी शेवटी तव्यावर झाली, पण भाजली जावयांनीच. मी शेजारी उभी होते. आता उलटा, मी म्हणाले. त्यांनी विचारलं, कशावरून? म्हटलं, रंगावरून. ते म्हणाले, मला तर सगळ्या सारख्याच दिसतात. म्हटलं, मग चष्म्यावरची राख पुसा. विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतलं. मुलगी फोनवर कोणाशी बोलत होती, ती स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, “तुम्ही दोघं जरा गप्प बसा ना, मला काही ऐकू येत नाही.”