फुंकणाऱ्यांची नावं

कुमुदमावशी कुणाच्याही घरी गेली की आधी फुलदाणी उलटी करायची. आमच्या नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा फुलदाणीत पाणीही होतं आणि ट्यूलिपही. सगळं जमिनीवर. ती मात्र चष्मा कपाळावर चढवून तळ न्याहाळत होती. "बाजारू माल आहे," असा निकाल देऊन तिने फुलदाणी माझ्या बायकोच्या हातात दिली. "ते पुसून घे गं."

ती आमच्याच रांगेत चार घरं सोडून राहायची. तरुणपणी पुण्याहून संशोधनाला आली, काचेवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर एकच वेड: स्वीडन-फिनलंडची पन्नास-साठच्या दशकांतली काच.

एकदा तिने माझ्या हातात थेंबाच्या आकाराची एक जड फुलदाणी ठेवली. आत नितळ पोकळी.

"ही कशी झाली, सांग."

मला काय माहीत!

"तापलेल्या काचेच्या गोळ्यात ओली काठी खुपसायची. पाण्याची वाफ होते, ती काचेला आतून फुगवते. क्षणभर चुकलं की गोळा वाया. आता तळ बघ. सही कुणाची? कागदावर चित्र काढणाऱ्याची. अरे, पण काठी कुणी खुपसली?"

हे विचारताना तिचा आवाज भांडणासारखा चढायचा. या एका प्रश्नापायी ती स्वीडिश शिकली, फिनिशशी झटापट केली. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांना पत्रं लिहून हजेरीपट आणि जुने फोटो मिळवले. कित्येक वर्षं खपून तिने सूची केली: वस्तू, तिचं रूप ठरवणारा, आणि शेजारच्या रकान्यात ती फुंकणारा कारागीर. इथल्याच, उत्तरेकडच्या एका डच संग्रहालयात ती विनामूल्य काम करायची. सूची तिने त्यांनाच दिली, प्रदर्शनापुरती स्वतःची काचही दिली.

मग कोरोना आला. दारं बंद, म्हणून संग्रहालयाने प्रदर्शन इंटरनेटवर मांडलं. मावशीने मला बोलावून घेतलं. मी अंगणात, ती उघड्या खिडकीत, लॅपटॉप माझ्याकडे वळवलेला. सूची शब्दन् शब्द तिची होती. वर नाव तिथल्या क्युरेटर बाईंचं. आणि कारागिरांचा रकाना गाळलेला.

"मावशी, तुझं नाव घालायला लावू या."

"माझं नाव गेलं चुलीत! माझी माणसं कुठे आहेत?"

क्युरेटर फोनवर गोड बोलली. प्रेक्षकांना एवढा तपशील जड होतो, म्हणे. स्वयंसेवकांचे आभार शेवटी मानलेत, म्हणे. मावशीने सगळं ऐकून घेतलं. "मग माझी काच परत द्या."

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाल्यावर आम्ही गाडी घेऊन गेलो. मास्कमुळे तिचा चष्मा सारखा धुरकटत होता. क्युरेटर मदतीला पुढे झाली. "दीड मीटर!" मावशी म्हणाली. एकेक वस्तू तिने जुन्या साड्यांत गुंडाळली आणि गुंडाळताना ती फुंकणाऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. दोन तास. क्युरेटरला उभं राहून सगळी नावं ऐकावी लागली.

त्याच हिवाळ्यात मावशी गेली. कोरोनानेच. आमचं शेवटचं बोलणं नर्सने धरलेल्या फोनवर झालं. धाप लागली होती, तरी म्हणाली, "काच तू ठेव. त्या बाईला देऊ नकोस." अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. कुणाच्या खांद्यावर हातही ठेवता आला नाही.

चौथ्या दिवशी क्युरेटरचा फोन आला. आमच्या लाडक्या स्वयंसेविकेच्या स्मृतीसाठी तो संग्रह आम्हाला मिळाला तर किती छान होईल! मी आधी मराठीत बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग डचमध्ये सांगितलं, "आधी तो रकाना परत घाला."

अजून घातलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला गावचा धोक्याचा भोंगा चाचणीसाठी वाजतो, तेव्हा मी संग्रहालयाला एक मेल धाडतो. एक वस्तू, एका कारागिराचं नाव. उत्तर येत नाही. सूचीत अजून पुष्कळ नावं शिल्लक आहेत.