बिनक्लचची गाडी

बाबांनी जन्मभर टॅक्सी चालवली. मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबायचं बळ त्या पायात उरलं नाही आणि टॅक्सी विकावी लागली. तेव्हापासून ते परळच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गाड्यांना नावं ठेवत बसत. गाड्या संपल्या की आईच्या आमटीकडे वळत. आई वैतागायची. मला मात्र त्यांचं ते बसणं बघवत नव्हतं.

शेवटी मी एक जुनी, धडधाकट ऑटोमॅटिक गाडी हेरली आणि पारख करायला बाबांनाच नेलं. विकणारा म्हणाला, "ड्राइव्हट्रेन एकदम चोख आहे."

"म्हणजे काय, बाबा?" मी हळूच विचारलं.

बाबांची कळी खुलली. "इंजिन जोर काढतं. तो जोर चाकापर्यंत नेतं ते सगळं ड्राइव्हट्रेन. क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, अॅक्सल. मधला एक जरी रुसला ना, इंजिन कितीपण बोंबलू दे, गाडी जागची हलत नाय." मग ते गुडघ्याकडे बघून म्हणाले, "माझा हा रुसला."

"पण हिच्यात क्लच दाबायचाच नाही. गिअर गाडीच बदलते. तुमचा उजवा पाय ठणठणीत आहे."

"मग डायवर कशाला? ही गाडी नाय गो, पाळणा आहे."

तरी मी घेतलीच. हट्ट काही मी शेजारून आणलेला नाही. पुढचे कितीतरी रविवार बाबा माझ्या शेजारी बसून माझ्या चुका काढत राहिले, पण चावीला हात लावेनात.

मग एका रविवारी आईला शिवाजी पार्कला मावशीकडे जायचं होतं. डोकं दुखतंय असं सांगून मी सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. बाबा कुरकुरत पुढे बसले. डावा पाय क्लच शोधायला लागला, तो त्यांनी मागे ओढून घेतला. गाडी लोण्यासारखी निघाली. मला उगाच रडू आलं.

हिंदमाताच्या सिग्नलला थांबलो. बाबांचा डावा हात सवयीने गिअरची दांडी चाचपू लागला. शेजारी बसलेल्या आईने तो उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"राहू द्या आता इथेच," ती म्हणाली. "जन्मभर त्या दांडक्यालाच धरून होतात."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच बाबांनी हॉर्न मारणाऱ्याला शिवी दिली नाही.