पंचवीसची रेघ

फास्ट म्हणजे किती, हे आमच्या सायकल ग्रुपात मीच ठरवायचो. याद्या करायची सवय जुनी, त्यामुळे ते काम आपसूक माझ्याकडे आलं. घोडेगावातून निघायचं, मंचरवरून अवसरीकडे जाऊन परत यायचं. जाताना वीस किलोमीटर, येताना वीस. कुणी कुणाच्या मागे राहून वारा चुकवू नये म्हणून पाच-पाच मिनिटांनी सुटायचं आणि आपली सरासरी मला कळवायची. पंचवीस किंवा वर असेल तर पुढचा गट, खाली असेल तर मागचा. वय, चढ, वारा, काही धरायचं नाही.

माझी सरासरी मी अशी काढायचो: वळताना सायकलच्या मीटरवरचा सरासरी वेग टिपायचा, मीटर शून्यावर आणायचा, घरी आल्यावर पुन्हा टिपायचा. जाताना उतार आणि पाठीवर वारा, तीस. येताना सगळं उलट, वीस. बेरीज करून निम्मे.

माझा जुना जोडीदार, पलीकडच्या आळीतला, मीटर लावायचा नाही, मनगटावरचं घड्याळ बघायचा. एका श्रावणात त्याने एक तास एकोणचाळीस मिनिटं कळवली. हिशोब केला, चोवीस पूर्णांक दोन. मी त्याला मागच्या गटात टाकलं.

"राव, लई जोर लावला व्हता," तो म्हणाला.

मी म्हणालो, रेघ म्हणजे रेघ. तीन रविवार तो मागच्या गटातून आला. मग यायचा थांबला, ग्रुपातूनही बाहेर पडला. मी यादीतून नाव काढलं.

यंदा अवसरीच्या एक शिक्षिका ग्रुपात आल्या. मंचरला चहा घेताना त्यांनी विचारलं, फास्ट म्हणजे नेमकं किती धरायचं. मी माझंच उदाहरण दिलं. त्यांनी बोटांवर मिनिटं मोजली. तीसच्या वेगाने वीस किलोमीटर, चाळीस मिनिटं. वीसच्या वेगाने साठ. शंभर मिनिटांत चाळीस किलोमीटर.

"सर, हे चोवीस होतात," त्या म्हणाल्या.

घरी येऊन चार वर्षांच्या वह्या काढल्या आणि पान न् पान नव्याने मोजलं. पंचवीस एकदाही नाही. त्या श्रावणात तो माझ्याहून एक मिनिट पुढे होता.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. सायकल टांगायच्या खुंट्यांवर फवारणीचा पंप लटकत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, आपलंच वय झालं," तो म्हणाला. "म्हणून देऊन टाकली. आता गुडघा नाय ऐकत."

नवी सायकल बघू, असं मी म्हणालो. त्याने चहा सांगितला आणि पावसाचं बोलायला लागला.

परत आल्यावर यादी दुरुस्त केली. त्या श्रावणात आधी तो, मग मी, दोघेही मागच्या गटात. ती ग्रुपवर टाकली. चार-पाच अंगठे आले. तो ग्रुपात नाही, तेव्हा त्याला काही दिसलं नसणार.