गच्चीवरची वांगी

आमच्या समोरच्या घरात दोघी राहायच्या. एक वहिनी आणि दुसरी तिची नणंद, म्हणजे आमच्या बाई. वहिनीच्या नवऱ्याला या थोरल्या बहिणीनेच वाढवलं, शिकवलं. घरही बाईंच्याच नावावर. नवरा अचानक गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि त्याच सुमारास बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती पूर्वीपासूनच धारदार.

बाई आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या. अंथरुणाला खिळल्या तरी वर्गावरची जरब सुटली नाही. उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा. वाटी वाजली की वहिनीने हातातलं टाकून जायचं. पाणी हवं, वाटी. पंखा कमी कर, वाटी. कधी नुसतंच, "होतीस कुठे?" मदतीला बायका ठेवून पाहिल्या. पहिली आठवड्यात गेली. दुसरी जाताना मला म्हणाली, "ताई, पगार वाढवून दिला तरी नको. मी दिवसभर उत्तरपत्रिकेसारखी तपासली जाते."

वहिनीला माणसांत मिसळायची, भटकायची फार हौस होती. आता तिचं फिरणं म्हणजे खालच्या दुकानापर्यंत आणि वर गच्चीपर्यंत. त्यांचं घर शेवटच्या मजल्यावर, म्हणून गच्ची जवळ. तिथे तिने कुंड्यांत मिरच्या, टोमॅटो लावले. पण रोपांना रोज दोनदा पाणी लागायचं आणि झारी हातात घेतली रे घेतली की खाली वाटी वाजायची. उन्हाळ्यात सगळं करपलं.

मुलीला फोनवर सांगताना तिला रडू आलं. मुलीने एक व्हिडिओ पाठवला. लाकडाचा खोल वाफा, आत जाड प्लास्टिक, तळाशी भोकं पाडलेले पाइप, वर कापड आणि त्यावर माती. कोपऱ्यातल्या उभ्या नळीतून तळात पाणी भरून ठेवायचं. पाइपांच्या मधल्या फटींत दाबून भरलेली माती ते पाणी वातीसारखं हळूहळू वर ओढते. जास्तीचं पाणी बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. एकदा भरलं की बरेच दिवस बघायला नको.

"बघायला नको," हे तिने मला दोनदा ऐकवलं.

गल्लीतल्या सुताराने खोक्यांच्या फळ्या दिल्या. बाकीचं सामान तिने दुकानाच्या फेऱ्यांत थोडं थोडं जमवलं. बाईंचा दुपारी डोळा लागला की ही वर जाऊन खिळे ठोकायची. हातोडीला फडकं गुंडाळून, कारण बाईंची झोप सावध. पहिला वाफा झाला, पाणी भरलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाईंच्या पलंगावर छतातून थेंब.

"अगं, तुझी बाग माझ्या डोक्यावर गळतेय!"

एका खिळ्याचं टोक प्लास्टिकमधून आरपार गेलं होतं. वहिनीने सगळी माती उपसली, खिळे वाकवून सपाट केले, फळ्यांना आतून जुनी चादर लावली आणि नव्याने प्लास्टिक अंथरलं. मग तो वाफा गळला नाही. त्याच्या शेजारी दुसरा झाला. एकात वांगी, एकात टोमॅटो आणि पालक.

एका दुपारी ती पानं खुडायला वर गेली आणि वाऱ्याने गच्चीचं दार आपटलं. त्याची कडी जिन्याच्या बाजूला, सैल झालेली; ती आपोआप पडली. फोन खाली. इमारतीत सगळे कामावर. तिने दार बडवलं, कठड्यावरून हाका मारल्या. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कोणाचं वर लक्ष नाही. खालून वाटीचा आवाज येत होता.

नंतर ती मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू? थोडा वेळ मला बरं वाटलं. वाटी वाजत होती आणि मला जाताच येत नव्हतं. माझा काही दोष नव्हता. मी वाफ्याच्या कडेला चक्क पाय पसरून बसले. मग वाटी थांबली. तो आवाज बंद व्हावा म्हणून किती वेळा तरी देवाला विनवलं असेल. आणि खरंच थांबला तेव्हा उठून पुन्हा दार बडवायला लागले."

मी बाजारातून आले तर त्यांच्या दाराच्या आतून, अगदी जमिनीलगत, टणटण आवाज. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असायची. दार जेमतेम ढकललं तर बाई फरशीवर पालथ्या. पलंगावरून घसरून एका कोपरावर सरपटत तिथवर आल्या होत्या. कोपर सोलून निघालेलं, पातळाला रक्त.

मी त्यांना उचलायला वाकले.

"मला नंतर. आधी वर जा. ती अडकलीय."

मी धावत जाऊन कडी काढली. वहिनी माझ्याकडे न बघता जिना उतरली आणि दारात बाईंपाशी बसली.

"वन्सं, हे काय करून घेतलंत?"

"मग काय करू? तू कधीची ओरडतेस आणि कोणी येत नाही." बाईंना धाप लागली होती. "तसं ओरडत पडणं कसं असतं, मला विचार."

दोघी कितीतरी वेळ तशाच फरशीवर होत्या. मी हळद शोधायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

एवढं झाल्यावर बाई मवाळ झाल्या असतील असं वाटेल. उलट, त्यांनी भीतीच घेतली. माझ्याकरवी गच्चीच्या दाराला कुलूप लावून घेतलं आणि किल्ली उशीखाली ठेवली. "परत वर जायचं नाही." वहिनीने वाद घातला नाही. दिवसेंदिवस तिचा आवाजच ऐकू येईनासा झाला. वाफ्यांचं विचारलं तर म्हणायची, "मेलं असेल सगळं."

मग एकदा बाई झोपेत असताना तिने किल्ली काढली आणि मला घेऊन वर गेली. पालक पार जून झाला होता, टोमॅटो फुटून खाली पडले होते, पण झाडं उभी होती. वांग्यांचा तर भार झाला होता. नळीत काठी घालून पाहिली, टोक अजून ओलं. वहिनी ओंजळीत तोंड लपवून रडली. मी म्हटलं, "अगं, जगली की!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "माझ्यावाचून जगली."

ओटीत वांगी घेऊन ती थेट बाईंच्या पलंगाशी गेली.

"मला मुलीकडे जायचंय. बाळ रांगायला लागलं, मी अजून पाहिलं नाही. चार दिवस."

बाईंनी वांग्यांकडे पाहिलं. "मी काय वांगं आहे? नळीतून पाणी ओतलं की झालं? माझी कूस कोण बदलणार?"

"दिवसा नर्सबाई येईल. रात्री ही झोपेल." हे मला न विचारताच. मी मान हलवली.

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "परत येशील ना?" त्यांनी विचारलं. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ती गेली. तिसऱ्या दिवशी बाईंनी नर्सला हाकललं, आणि मी कळवायच्या आतच, चौथा दिवस न थांबता, वहिनी परत आली. मी विचारलं, "कशी झाली सुट्टी?"

"बाळ गोड आहे," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "पण दुपारी आडवी झाले की दचकून उठायची. कोणी हाक मारलेली नसायची. मुलगी म्हणाली, आई, अजून राहा. मला जमलंच नाही गं."

बाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. वहिनी वर्षातून एकदा मुलीकडे जायची, आणि दर वेळी ठरल्याच्या आदल्या दिवशी परत यायची.