नऊ मीटरची गुंडाळी

शौल कोर्लेकरने आयुष्यात वायर वाया घालवली नव्हती. मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात त्याच्या मेस्त्रीने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, कापलेली वायर वाढत नाही. ते वाक्य घेऊन तो इस्रायलला आला आणि किर्यात गातच्या कारखान्यात तेवीस वर्षं त्यावर काम केलं.

२००२ साली कारखान्याने अरादजवळच्या बदामाच्या बागांत बारा लोखंडी पेट्या बसवायला घेतल्या. पेटीत मोबाइलसारखं बिनतारी मॉड्यूल. झाडांना किती पाणी गेलं ते त्याने रोज कळवायचं. बाराही पेट्या शौलने एकट्याने बसवल्या. लोखंडाच्या आत अँटेना आंधळी होते, म्हणून प्रत्येक अँटेना टपावर लावली. अँटेना मॉड्यूलला जोडायची केबल दहा मीटरची आली होती, लागत होती एक मीटर. उरलेल्या नऊची गोल गुंडाळी करून, तीन जागी बांधून, त्याने ती पेटीत टांगली. नजर ठरावी असं काम.

बारातल्या आठ पेट्या मुक्या राहिल्या.

मालक अमनोनने आवाज न चढवता सांगितलं, शुक्रवारी दुपारपर्यंत बाराही बोलल्या नाहीत तर पुढच्या चाळीस पेट्या बेर शेवाची कामगारांची टोळी बसवेल. शौल छप्पन्न वर्षांचा होता. हे काम गेलं तर कारखान्यात त्याच्याजोगं दुसरं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो इंजिनियर यानिवबरोबर पहिल्या पेटीशी उभा राहिला. यानिवही शौलसारखाच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, पण इथेच जन्मलेला. शौल मराठीत बोले, तो हिब्रूत उत्तर देई. लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा पाच होता, हवा होता निदान दहा. शौलने अँटेना टपाच्या मधोमध सरकवली. पाच. गुंडाळी सोडून अँटेना चार मीटर उंच खांबावर चढवली. सहा. मॉड्यूल बदललं. सहाच. यानिव म्हणाला, टॉवरच लांब आहे, आपण काय करणार. शौल घोटभर पाणी प्यायला. मग त्याने यानिवच्या पिशवीतली तपासणीची एक मीटरची केबल मागून घेतली, दहा मीटरच्या केबलच्या जागी जोडली आणि अँटेना खाली पहिल्या जागी ठेवली.

आकडा अकरावर गेला.

त्याच्या आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. तेल जितकं फिरेल तितकं वाटेत मुरतं, हे त्या घरात लहान पोरालाही ठाऊक. केबलही तसाच सिग्नल पीत होती.

“नऊ मीटर मी टांगले,” तो म्हणाला.

“दोद शौल,” यानिव म्हणाला. हिब्रूत काकाला दोद म्हणतात. “दहा मीटर पाठवली ती केबलवाल्यांनी. मी अहवालात तसंच लिहितो.”

“पाठवली त्यांनी. टांगली मी. तसं लिही.”

कापणं सोपं होतं. कापलेल्या केबलला टोक, म्हणजे जोडणीचा कनेक्टर, घालणं अवघड. केबलच्या बाहेरच्या तारजाळीचा एक केस जरी आतल्या तारेला लागला तरी सगळं फुकट. पहिली दोन टोकं बिघडली, ती त्याने कापून टाकली. तिसरं बसलं. मग प्रत्येक पेटीशी आधी माप, मग पक्कड. ज्या चार पेट्या बोलत होत्या त्यांच्याही गुंडाळ्या काढल्या. यानिवने विचारलं, त्यांना कशाला हात लावता? शौल म्हणाला, आज बोलतात, धुळीच्या दिवशी बोलतील याची हमी तू देतोस?

शुक्रवारी अकरा वाजता बारावी पेटी बोलली.

अमनोनने यानिवच्या अहवालाचा कागद वाचला. तिसऱ्या ओळीत शौलची चूक शौलच्या नावाने लिहिली होती. तिथे तो थांबला, मग पुढे वाचत गेला.

“चाळीस पेट्यांना किती केबल मागवू?”

“आत्ता सांगत नाही,” शौल म्हणाला. “जागा मोजतो, मग.”

रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी तो मोजपट्टी घेऊन अरादच्या बसमध्ये बसला.