पिशवीखालचा सेन्सर

अलिबागमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघराच्या छताला धुराचा सेन्सर आहे. धूर लागला की सगळ्या मजल्यांवर भोंगा वाजतो, लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबते, इमारतीचा गॅस बंद होतो आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर फ्लॅटचा नंबर येतो. वॉचमनच्या केबिनमध्ये स्क्रीन आहे. धूर नसेल तोवर त्यावर सगळे फ्लॅट हिरवे दिसत असतात.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक कोळी बाई राहायची. सत्तरीची, बुटकी, आयुष्यभर बाजारात मासळी विकलेली. गावातलं घर विकून मुलाने हा फ्लॅट घेतला होता. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की ती सुके बोंबील थेट गॅसवर भाजायची आणि भोंगा वाजायचा.

एकदा रविवारी सगळे असेच पार्किंगमध्ये उभे होते. गुडघे दुखणारी माणसं जिना उतरून आली होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आजी, तुमच्या एका बोंबलापायी अख्खी बिल्डिंग खाली आली."

"मंग जा की वर. मी बोलावलंय का कुनाला?"

"मशीन बोलावते."

"तुज्या मशीनपेक्षा माजी सासू बरी. ती खाल्ल्यावर तरी गप बसायची."

लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. पुन्हा असं झालं तर तुमचा गॅस तोडू, असं त्यांनी मुलाला सर्वांसमोर सांगितलं.

जिना चढताना मुलगा आईला म्हणाला, "आता भाजू नको."

"मंग मना घरी नेऊन सोड."

नेऊन सोडायला घर उरलं नव्हतं. संध्याकाळी तो आमच्याकडे स्टूल मागायला आला. त्यांचं दार उघडंच होतं आणि समोरून मला त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. स्टुलावर चढून त्याने सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि रबरबँड लावला. ती खाली उभी राहून बघत होती. "झाकलं रं तिचं त्वांड," ती म्हणाली. स्टूल त्याने लगेच परत आणून दिलं.

त्यानंतर भोंगा वाजला नाही. बोंबलाचा वास मात्र जिन्यात येत राहिला, आणि त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

गणपतीनंतरच्या एका दुपारी फ्रिजमागची वायर जळाली. ती बाहेरच्या खोलीत चटईवर झोपली होती. खिडकीतून निघालेला धूर रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने पाहिला. तो ओरडला, तेव्हा वॉचमनने आधी स्क्रीनकडे पाहिलं. "इथं तर सगळं हिरवं हाय," तो म्हणाला. मग तो धावला.

नगरपालिकेचा बंब येईपर्यंत शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. आग फ्रिजपुरतीच होती. तिला भाजलं नव्हतं. ती धुरानेच गेली.

बंबावरच्या माणसाने सेन्सरवरची पिशवी काढली. पिशवी काजळीने काळी झाली होती. आतला सेन्सर नवा असावा तसा पांढरा होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

कामावरून आलेला मुलगा भिंतीला टेकून उभा होता. सेक्रेटरी त्याच्या शेजारी होते. हवालदाराने विचारलं, "ही कोणी बांधली?"

"आईनेच बांधली असेल," मुलगा म्हणाला.

हवालदाराने तसं लिहून घेतलं. तिचा हात फळीवरच्या डब्यापर्यंतही पोचत नसे; तो काढायला ती आमच्याकडे कोणाला तरी बोलवायला यायची. मला कोणी विचारलं नाही.